लग्न कुणाचे? : विधिचित्र, प्रदर्शनाचे दालन आणि मराठीचा अभ्यास

काही वर्षांपूर्वी नाशकातील एका प्रदर्शनाला आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह जाण्याचा योग आला. दालनाच्या मुख्य भिंतीवर गेरूच्या रंगात रंगवलेला भलामोठा कापडी पट होता आणि त्यावर पांढऱ्या रेषांत वारली लग्नाचा चौक. समोर जमिनीवर तांदळाची रास, शेण, राख आणि विजेवर मंद लुकलुकणाऱ्या पणत्या होत्या. एका कोपऱ्यातून संबळाचे ध्वनिमुद्रण वाजत होते. ठरल्या वेळी शहरातील एक तरुण कलावंत उघड्या अंगाला राख फासून आत आला, चौकासमोर बसला आणि हळूहळू घुमू लागला. माहितीपत्रकात या प्रयोगाला 'शामानिक' असे विशेषण लावलेले होते आणि प्रेक्षकाने आपल्या आतल्या आदिम शक्तीशी संवाद साधावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. वीसेक मिनिटांनी घुमणे थांबले, टाळ्या पडल्या. आमच्याबरोबर पेठ तालुक्यातील एक वारली विद्यार्थिनी होती. ती बराच वेळ चौकापाशी उभी होती. बाहेर पडताना तिने अगदी साधेपणाने विचारले, "सर, पण लग्न कुणाचं आहे?"

या प्रश्नाला त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न भाबडा नाही, हे मात्र तेव्हाच जाणवले. कलासमीक्षेतील आणि लोकसाहित्याच्या अभ्यासातील काही गृहीतांना तो एकाच वेळी धक्का देतो, असे मला वाटते. प्रस्तुत टिपण त्याच प्रश्नाभोवती फिरणारे आहे. त्यातील मते प्रस्तुत लेखकाची आहेत आणि ती वाद्य आहेत याची त्याला जाणीव आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'शामन' हा शब्द सैबेरियातील तुंगुस-एवेंकी लोकांच्या बोलीतला. संस्कृत 'श्रमण'शी त्याचे नाते जोडण्याचा खटाटोप जुना आहे, पण तो वादग्रस्त आहे. आपल्या 'शमन' या शब्दाशी तर त्याचा काही संबंध नाही. मिर्चा एलियाद यांच्या १९५१ मधील ग्रंथानंतर हा शब्द सैबेरियाची वेस ओलांडून जगभर पसरला. एलियाद यांच्या विवेचनात शामनाचे मुख्य लक्षण आत्म्याचे उड्डाण हे आहे: शामन देह सोडून देवलोकी जातो, पाताळात उतरतो आणि परत येतो. आपल्याकडचा भगत कुठे जात नाही, देव त्याच्याकडे येतो. 'अंगात येणे', 'वारे येणे' या मराठी क्रियापदांची दिशाच मुळी उलटी आहे. या क्रियापदांत कर्ता देव आहे, माणूस अधिकरण आहे. ज्या भाषेने ही गोष्ट व्याकरणातच नोंदवून ठेवली आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांनी भगताला शामन म्हणताना थोडे थबकायला हवे. शिवाय भगत बोलावल्यावर येतो. कुणाचे आजारपण, कुणाचे लग्न, गावावरचे संकट हे त्याचे निमित्त असते. तांदळाचे दाणे पाहून तो कौल सांगतो तो विचारणाऱ्याला. विचारणारा नसेल तर कौल नाही.

पाश्चात्त्य कलेत शामनाची प्रतिमा रुजली ती मात्र एकट्या, असाधारण व्यक्तीची. जर्मन कलावंत योजेफ बॉइस हे तिचे ठळक उदाहरण. १९६५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका कलादालनात चेहऱ्याला मध आणि सोन्याचा वर्ख लावून, मेलेला ससा कुशीत घेऊन ते त्याला चित्रे समजावून सांगत हिंडले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या दालनात ते नमद्यात गुंडाळून एका कोयोटबरोबर राहिले. दुसऱ्या महायुद्धात क्रिमियात आपले विमान कोसळले आणि तातारांनी चरबी व नमद्यात गुंडाळून आपल्याला वाचवले, अशी कथा ते सांगत. तिच्यातील तातारांनी वाचवल्याचा भाग खरा नसल्याचे पुढे उघड झाले. ही कथा खोटी ठरल्याने बॉइस यांच्या कलेचे मोल कमी होते असे मी म्हणणार नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या समाजावर उपचार करण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण इथे शामनाला अधिकार कुणी दिला, हा प्रश्न उरतोच. तो त्याने स्वतःच घेतला आणि त्यासाठी एक कथा रचली. गावातल्या भगताला ही मुभा नसते. त्याला पाड्यावरच्या माणसांनी मानावे लागते, आणि उद्या ती माणसे दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

१९८९ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे. त्या वर्षी पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेतची मोठी वास्तू अशा दोन ठिकाणी ज्याँ-युबेर मार्तां यांनी 'पृथ्वीवरील जादूगार' अशा अर्थाच्या नावाचे प्रदर्शन भरवले. शंभराहून अधिक कलावंत, त्यांतले निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे. 'कलावंत' हा युरोपीय कल्पनांनी भारलेला शब्द टाळावा म्हणून 'जादूगार' शब्द योजला गेला, आणि एका पूर्वग्रहातून सुटताना दुसरा गळ्यात पडला. भारतातून मिथिलेच्या बौआ देवी होत्या, मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे जनगढसिंह श्याम होते. ला व्हिलेतमध्ये एका भिंतीवर इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांनी चिखलाने काढलेले प्रचंड वर्तुळ होते आणि त्याच्या पायाशी, जमिनीवर, ऑस्ट्रेलियातील युएंदुमूच्या वार्लपिरी कलावंतांचे भूमिचित्र. (वारली आणि वार्लपिरी या नावांतील साम्य योगायोगाचे आहे, पण मराठी वाचकाला ते अडखळवणारच.) वर एका व्यक्तीची स्वाक्षरी असलेली माती, खाली एका समूहाच्या पूर्वजकथेची माती. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. दोन्हींत माती आहे एवढ्या साम्यावर त्यांना शेजारी बसवले गेले. वार्लपिरींच्या चित्रामागची कथा आणि ती सांगण्याचा हक्क कुणाचा, हे डोळ्यांना दिसणारे नव्हते.

चौदा वर्षांनी, २००३ मध्ये, ड्युसेलडॉर्फच्याच एका संग्रहालयात लाँग यांच्या कामाशेजारी दुसरा एक मातीतला माणूस उभा राहिला: डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. हे संयुक्त प्रदर्शन पुढे २००४ मध्ये मिलानलाही गेले. लाँग यांनी त्याच सुमारास वारली मुलुखात येऊन पायपीट केली, तिथल्या मातीत कामे केली. या वेळची जोडी अधिक समतोल होती, असे मानण्यास जागा आहे. कारण जिव्या मशे तिथे जादूगार म्हणून गेले नव्हते. ते चित्रकार म्हणून गेले होते, आणि हा भेद समजून घेतल्याशिवाय वारली चित्राविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे.

भेद असा. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढला जातो. भिंत शेणामातीने सारवून, गेरूने लिंपून, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने. काढणाऱ्या सवाष्णी असतात. चौकटीच्या मध्यभागी पालघाट देवी. भरलेल्या घटातून उगवणाऱ्या हिरवाईची ही देवता चौकात अवतरल्याशिवाय लग्न लागत नाही. शेजारी देवचौकात पंचशिऱ्या देव. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, घोड्यावरचे नवरा-नवरी. आणि हे सर्व होत असताना धवलेरी गात असते. ती वारल्यांची लग्न लावणारी पुरोहित स्त्री. तिच्या गाण्याविना चौक म्हणजे भिंतीवरचे पीठ. लग्न झाल्यावर त्या चौकाचे कौतुक करून कुणी तो जपून ठेवीत नाही. पुढच्या सारवणात तो जातो. त्याचे काम झालेले असते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले ते कागद घेऊन. त्यापूर्वी १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती कागद दिला होता. इथेही तेच केले. येथे मात्र पुढे आले ते एक पुरुष. लहानपणी आई गेल्यावर बोलणेच बंद झालेला आणि धुळीत रेषा काढून मनातले सांगणारा मुलगा, अशी जिव्या मशे यांच्या बालपणाची हकीगत सांगितली जाते. ते चौक काढीत राहिले नाहीत. त्यांनी मासेमारीचे जाळे काढले, मुंग्या काढल्या, शेते, नाच आणि पाड्याजवळून जाणारी आगगाडी काढली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. मुले-नातवंडे आज चित्रे काढतात. त्यांच्या कागदावर देवी यायची तेव्हा ती चित्रविषय म्हणून यायची, पाहुणी म्हणून नव्हे. माझ्या मते ही कलेच्या इतिहासातील एक अत्यंत प्रामाणिक फारकत आहे. विधीतून रेषा उचलून घेतली, विधी जागेवर ठेवला. त्यांनी स्वतःला भगत म्हणवून घेतले नाही आणि दालनात कधी घुमले नाहीत.

नाशकातल्या त्या प्रदर्शनात नेमके उलटे घडले होते. रेषा तर उचलली होतीच, शिवाय विधीचा आवही आणला होता. पालघाटीला बोलावले, पण तिला काही काम दिले नाही. 'लग्न कुणाचं आहे?' या प्रश्नाचा अर्थ मला पुढे असा उमगला: देवी काही कलावंताच्या आत्मशोधासाठी येत नाही. ती येते कुणासाठी तरी, कुणाच्या तरी हाकेवर, कुणाच्या तरी मानाने. विधीचे व्याकरण चतुर्थीचे आहे.

मानाचा उल्लेख आला म्हणून बोहाड्याविषयी थोडे. जव्हार-मोखाड्याकडे आणि नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगे रात्रभर नाचतात. शेवटी पहाटेच्या सुमारास देवी आणि महिषासुर. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे याचे मान ठरलेले असतात. पूर्वी लाकडी असणारे मुखवटे आता बहुधा कागदाच्या लगद्याचे. शहरातल्या संग्रहात हे मुखवटे खिळ्याला टांगलेले मी पाहिले आहेत: नाव, गाव, माप, माध्यम. कोणत्या घरचा मान, ते कुठे लिहिलेले नसते. मुखवट्याच्या आतल्या बाजूला घामाचे आणि तेलाचे डाग असतात. ती बाजू भिंतीकडे.

या विषयाची मला सर्वांत जवळची वाटणारी, आणि मराठी विभागांना थेट भिडणारी, बाजू आता सांगतो. धवलेरी काय गाते? आगरी-कोळ्यांच्या लग्नांतही अशीच गाणारी, लग्न लावणारी स्त्री असते. तिला धवलारीण म्हणतात. 'धवला' म्हणजे लग्नगीत. आपण एम. ए.च्या वर्गात प्राचीन मराठी शिकवताना सुरुवातीलाच महदंबेच्या धवळ्यांपाशी येतो. तेराव्या शतकातील ही महानुभाव कवयित्री मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण सांगतो. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेचा प्रसंग, आणि त्या प्रसंगी तिने गायिलेले रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. म्हणजे मराठीतील स्त्रीच्या कवितेचा पहिला ज्ञात अवतार विधीच्या पोटात, एका लग्नात, गायनाच्या रूपात झाला. आणि तेच नाव धारण करणारा गीतप्रकार नाशिकहून त्र्यंबक-जव्हारच्या रस्त्याने दोन-तीन तासांवर आजही गायिला जातो. त्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे आहे? महदंबा अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात आणि धवलेरी, असलीच तर, लोकसाहित्याच्या ऐच्छिक पत्रिकेतील 'आदिवासी लोकगीते' या उपघटकात. वाटणी अशी: चित्र कलाशाळेकडे गेले, अंगात येणे मानववंशशास्त्राकडे, औषधी वनस्पतीशास्त्राकडे आणि शब्द, ज्याला विचारणारा कुणी नव्हता, तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला परिशिष्टात टाकले.

प्रदर्शने विधीचे तुकडे करतात अशी तक्रार करताना हे विसरता येत नाही. पॅरिसच्या दालनाने चौक गाण्यापासून तोडला असेल. आम्ही गाणे चौकापासून तोडले. लोकगीतांचे आमचे संग्रह पाहावेत. गीताच्या शिरोभागी 'लग्नगीत' एवढे लिहिलेले असते. गाणारी कोण, भिंतीवर त्या वेळी काय चालले होते, कोणत्या कडव्याला कोणती रेष पडली, यांतले काही नाही. गीत छापताना शब्द 'शुद्ध' केलेले असतात, पुनरुक्ती गाळलेली असते. देवीला बोलावताना पुनरुक्ती हाच तर रस्ता. तो गाळून आपण देवी पोचली असे समजतो.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते याचा दाखला दूरचा आहे, पण सांगण्यासारखा आहे. ब्राझीलच्या आक्रे राज्यातील हुनी कुइन या आदिवासींपैकी इबा यांनी आपल्या वडिलांकडून आलेली विधिगीते नोंदवली, तिथल्या विद्यापीठात शिक्षण घेतले. ती गीते समजावून सांगण्यासाठी चित्रे काढण्याचा उपक्रम त्यांच्या मुलासह आणि एका प्राध्यापकाच्या साथीने सुरू झाला. त्यातून चित्रकारांचा एक गट उभा राहिला. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मध्यवर्ती दालनाचा दर्शनी भाग याच गटाने रंगवला. त्याच्या सात वर्षे आधी, २०१७ मध्ये, याच व्हेनिसमध्ये एका विभागाला 'शामनांचे दालन' असे नाव होते आणि त्यात ब्राझीलचेच एर्नेस्तो नेतो यांनी विणलेल्या जाळ्याचा मोठा तंबू उभारून हुनी कुइन लोकांना त्यात बसवले होते. (जिव्या मशे यांच्या जाळ्याची आठवण मला त्याची छायाचित्रे पाहताना झाली, पण त्या जाळ्यात मासे होते.) दोन्ही प्रसंगी माणसे एकाच जमातीची. पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या कलाकृतीतले शामन होते. दुसऱ्यांदा स्वतःच्या गीतांचे चित्रकार. या फरकात कलादालनाच्या औदार्याचा वाटा असेल, पण पाया घातला तो गीतांच्या वहीने आणि एका विद्यापीठाने. गीत आधी, चित्र नंतर. आमच्याकडे चित्र जगभर फिरून आले आणि गीताची वही अजून उघडायची आहे.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणावेच, की हे सारे विवेचन विधीला पवित्र मानून त्याची पाठराखण करणारे आहे. तसे नाही. विधी निरागस असतो असे मानणे ही दालनातल्या आदिमतेच्या कल्पनेचीच दुसरी बाजू होय. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० मधील पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांनी वाचलेले असते. त्यातील लग्नगडी विसरता येत नाहीत. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, ही ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची गत १९४५ च्या उठावापर्यंत होती. म्हणजे ज्या भिंतीवर पालघाट अवतरत होती, त्याच भिंतीआड ते लग्न दोन माणसांना गुलाम करीत होते. 'लग्न कुणाचं?' या प्रश्नाला तेव्हा 'सावकाराच्या पैशाचं' असेही एक उत्तर होते. सुफलनाचे प्रतीक, निसर्गाशी तादात्म्य अशी लेबले लावणाऱ्या प्रदर्शनांत हे लग्नगडी कधीही आढळत नाहीत. गंमत अशी की वारली चित्रांतील माणसे सदैव राबताना दिसतात आणि पाहणारे त्याला नृत्य म्हणतात.

भगताचेही तसेच. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि हा गुन्हा काल्पनिक नाही. आदिवासी भागांत भुताळी किंवा डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, काहींचे जीव गेले आहेत. ती कोण हे सांगणारा बहुधा भगतच असतो. एकाच माणसाला कलादालन शामन म्हणून डोक्यावर घेते आणि पोलीस ठाणे आरोपी म्हणून बोलावते. यांतले एक चित्र खरे आणि दुसरे खोटे, असे मला वाटत नाही. तो औषध देतो, गावाचे दुःख ऐकतो, आणि कधी कधी एखाद्या विधवेच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे हे ओळखून देवाचे तोंड तिकडे वळवतो. दालनातल्या राखेला हा वास नाही. घुमणाऱ्या कलावंताला मी विचारू इच्छितो ते एवढेच की भगताचा अधिकार उसना घेताना त्याची ही जबाबदारीही तो घेणार आहे काय? बहुधा नाही. प्रयोग संपल्यावर तो हात-पाय धुऊन चहा प्यायला आमच्याशेजारी आला. सज्जन मुलगा होता, आणि पाड्यावर जाऊन आठवडाभर राहिल्याचेही त्याने सांगितले.

शुद्धतावाद्यांचे म्हणणे, की चौक भिंतीवरून हललाच नको होता, मला मान्य नाही. वारली चित्र विकून पाड्यावर घर उभे राहिले असेल, मुलगी शाळेत गेली असेल तर त्या कागदाला कुणी नाव ठेवण्याचे कारण नाही. साडीच्या काठावर आणि चहाच्या कपावर नाचणारी माणसे कुणी काढली आणि पैसे कुणाला गेले, हा प्रश्न विचारावा. ती काढूच नयेत असे म्हणू नये. जनगढसिंह श्याम यांची आठवण मात्र येथे टाळता येत नाही. परधान हे गोंडांचे गाथा गाणारे, बाणा वाजवून देवाला जागवणारे. त्या घराण्यातला हा तरुण पॅरिसमध्ये 'जादूगार' ठरला आणि २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून दूर, त्याने आत्महत्या केली. त्यामागचे कारण काय यावर तर्क लढवणे मला उचित वाटत नाही. पण ज्याला आपण देवाशी बोलणारा म्हणून गौरवतो, तो तिथे कुणाशी बोलत असेल, हा विचार मनातून जात नाही.

मराठीच्या अभ्यासकांनी काय करावे याची यादी देण्याचा माझा मानस नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट मांडतो. विधीतील शब्दाला आपण 'संहिता' मानतो की नाही, याचा निर्णय टाळत राहण्याने चालणार नाही. संहिता मानायची तर तिची भाषा जशी आहे तशी घ्यावी लागेल, वारली बोलीला 'अशुद्ध मराठी' म्हणण्याचे सोडावे लागेल, चौक आणि गाणे एकत्र वाचावे लागतील आणि गाणारीला कवयित्रीचा दर्जा द्यावा लागेल. महदंबेला तो आपण दिला आहे. तिचे धवळेही एका विधीच्या निमित्ताने, प्रसंगी रचलेलेच होते. त्यांना लेखी पोथी मिळाली, धवलेरीला मिळाली नाही, एवढाच भेद असेल तर तो वाङ्मयीन भेद नव्हे. आणि गाणे देण्यास ती नकार देईल, तर तो नकारही अभ्यासाचा भाग म्हणून नोंदवावा लागेल. हे आम्हाला जड जाते. नाही म्हणणाऱ्या माहितीदात्याला आमच्या प्रबंधांत जागा नसते.

त्या विद्यार्थिनीने पुढे लघुप्रबंधासाठी आपल्या आजीची गाणी हा विषय घेतला. आजी धवलेरी. नात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन समोर बसली तेव्हा आजीने गाण्यास नकार दिला: लग्न नाही, सवाष्णी नाहीत, भिंत सारवलेली नाही, मग कुणाला ऐकवायचे? नातीने मला येऊन सांगितले तेव्हा ती थोडी हिरमुसलेली होती; मी मात्र मनातून सुखावलो, हे कबूल करतो. उन्हाळ्यात लग्ने सुरू होईपर्यंत तिने वाट पाहिली. एका चुलतभावाच्या लग्नात आजी रात्रभर गायली, बायका चौक काढीत राहिल्या आणि नात यंत्र बाजूला ठेवून पीठ कालवायला बसली, कारण हात कमी पडत होते. मुद्रण झाले ते अर्धवट. त्यात भांड्यांचा आवाज आहे, मुलांचे रडणे आहे, मधेच कुणीतरी तिला हाक मारते आहे. मला ते त्या प्रदर्शनातल्या स्वच्छ संबळापेक्षा पुष्कळ मोलाचे वाटते.

लघुप्रबंधाच्या प्रस्तावाच्या छापील अर्जात एक रकाना आहे: 'अभ्यासविषय संहितेचा लेखक / कवी'. आजीचे नाव लिहू का, असे तिने विचारले. लिही, असे मी सांगितले. आजीला मात्र ते पसंत पडले नाही. गाणे आपले नव्हे, आपण फक्त लग्न लावतो, असे तिचे म्हणणे. मग देवीचे नाव लिहायचे का, यावर आमच्या विभागात बराच काळ चर्चा चालली. अर्ज कोऱ्या रकान्यासह पुढे पाठवला, तो त्रुटीचा शेरा मारून परत आला आहे.